गाडी घरची, पॉलिसी एकाची

आपल्याकडे मोटारगाडी ही क्वचितच एका माणसाची असते. सुरुवातीची रक्कम वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून आलेली असते, कर्जाचा हप्ता थोरल्याच्या पगारातून कापला जातो, आरसी बुकावर नाव सूनबाईंचे असते, प्रत्यक्ष चालवतो धाकटा, आणि दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढवताना सगळे मिळून तिला ‘आपली गाडी’ म्हणतात, त्यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. विमा कंपनीच्या दफ्तरात मात्र ‘आपली’ या शब्दाला जागा नाही. तिथे एक नोंदणीकृत मालक असतो, एक विमाधारक असतो, आणि हे दोघे एकच इसम आहेत की नाहीत एवढाच प्रश्न असतो. कुटुंबातल्या माणसाच्या गाडीवरून विमा कंपनीशी जे तंटे उद्भवतात, त्यांतले निम्मेअधिक या दोन व्याकरणांच्या विसंवादातून जन्मलेले असतात, असे माझे इतक्या वर्षांच्या कागदपत्रे चाळण्यातून बनलेले मत आहे.

मोटार विम्याचे अंतरंग दोन कप्प्यांचे आहे. पहिला कप्पा त्रयस्थाच्या नुकसानीचा, ज्याला बोलीभाषेत ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. त्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातून आली आणि आज ती १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याचा कंपनी आणि मालक यांच्या भांडणाशी काही संबंध नसल्यामुळे कायद्याने या कप्प्याला पुष्कळ संरक्षण दिले आहे. गाडी हस्तांतरित झाली की कलम १५७ नुसार त्रयस्थाचा विमाही नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. दुसरा कप्पा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा शुद्ध करार आहे, दोन पक्षांतला, आणि करारातला एक पक्ष बदलला तर तो आपोआप नव्या माणसाला चिकटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात स्पष्ट केले.

या एका फरकाचे परिणाम घरोघरी भोगले जातात. वडील आपली गाडी मुलाला देतात, आरटीओत जाऊन आरसी मुलाच्या नावे करून घेतात, पण पॉलिसी ‘अजून सात महिने आहे की’ म्हणून वडिलांच्या नावे तशीच राहते. चवदा दिवसांत कंपनीला अर्ज करायचा असतो, हे एजंटही सांगत नाही. मग एखाद्या रात्री घाटात गाडी कठड्याला घासते, आणि दावा करायला गेल्यावर असे निष्पन्न होते की वडिलांचा करार आहे पण गाडी नाही, मुलाची गाडी आहे पण करार नाही. याच्या उलट प्रकारही तितकाच प्रचलित. गाडी मेहुण्याला देऊन टाकली, पैसेही घेतले, पण आरसीवर नाव आपलेच. अशा वेळी नोंदणीकृत मालक तोच मालक, तोंडी विक्रीने तो मालकी गमावत नाही आणि तेवढ्या सबबीवर त्याचा दावा फेटाळता येत नाही, हे २०२० साली सुरेंद्रकुमार भिलावे यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले. पण ही ढाल दुधारी आहे. तोच नोंदणीकृत मालक, मेहुण्याने कोणाला धडक दिली तर भरपाईच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा राहतो.

तत्त्वांची ही ओळख पुरे. यापुढे मी एका गाडीची हकीकत सांगणार आहे, कारण तिच्यात वादाच्या बहुतेक गाठी एकाच दोरीला पडल्या होत्या.

माझे मामा चिपळूणला राहत. २०२१ च्या मे महिन्याच्या २ तारखेला, त्या भयंकर दुसऱ्या लाटेत, ते गेले. त्यांच्या मागे मामी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी, आणि अंगणात उभी असलेली पांढरी, पाच वर्षांची, मामांच्याच नावावरची गाडी. गाडी कोणी चालवीत नव्हते. मामेभाऊ आला की आठवड्याचा बाजार आणण्यापुरती ती फिरे. २२ जुलैला वाशिष्ठी नदी गावात शिरली. मामी शेजाऱ्यांच्या माडीवर होत्या, आणि गाडी जिथे होती तिथेच, पाण्याखाली.

रस्ता मोकळा झाल्यावर मी पोहोचलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि सगळ्या गावाला ओल्या गाळाचा एकच वास येत होता. गाडीच्या दारांवर, खिडकीच्या काचेच्या निम्म्यावर, चहाच्या रंगाची एक सरळ रेघ उमटली होती. आतल्या सीटवर बोटभर चिखल, डॅशबोर्डच्या खणात मामांचा चष्मा. मामेभाऊ किल्ली हातात घेऊन उभा होता. “दादा, एकदा फिरवून बघू का?” त्याने विचारले, आणि मी त्याच्या हातून ती किल्ली अक्षरशः काढून घेतली.

याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण पुरात बुडालेल्या गाडीचा दावा बहुधा इथेच बुडतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना कोणी स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या न दबणाऱ्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. याला गॅरेजवाले ‘हायड्रो लॉक’ म्हणतात. पॉलिसीत पूर, जलप्रलय, वादळ यांनी झालेले नुकसान समाविष्ट असते. परंतु ‘परिणामस्वरूप होणारे नुकसान’ वगळलेले असते, आणि कंपनीचा युक्तिवाद असा की पाणी पुराने आणले हे खरे, पण रॉड वाकवला तो किल्ली फिरवणाऱ्याने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. तेव्हापासून हा शब्द महाराष्ट्रातल्या मोटारमालकांच्या परिचयाचा झाला, तरी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवण्याचा मोह काही सुटलेला नाही.

आम्ही बॅटरीची तार सोडवली, दारावरच्या रेघेला मोजपट्टी लावून चारही बाजूंनी छायाचित्रे काढली, तलाठ्याच्या पंचनाम्यात घराबरोबर गाडीचाही क्रमांकासह उल्लेख करवून घेतला, आणि त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर नुकसानीची वर्दी देऊन दाव्याचा क्रमांक लिहून घेतला. चिपळुणातली गॅरेजेही बुडालेलीच होती. म्हणून गाडी क्रेनने रत्नागिरीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. सर्व्हेअर नवव्या दिवशी आला. त्या काळच्या नियमांप्रमाणे त्याची नेमणूक बहात्तर तासांत व्हायला हवी होती, पण अर्धा जिल्हा चिखलात असताना घड्याळ लावून बसणे मलाही प्रशस्त वाटले नाही. (२०२४ च्या परिपत्रकाने ही मुदत आता चोवीस तासांवर आणली आहे; अहवाल पंधरा दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय सात दिवसांत.) त्याच्या देखत मेस्तरीने इंजिन उघडले, चारही कनेक्टिंग रॉड बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, आणि गाळाने माखलेला एकेक रॉड कापडाने पुसून काचेच्या तुकड्यावर ठेवून दाखवला. चारही सरळ होते. सर्व्हेअरने तसे लिहून घेतले. तो सज्जन माणूस होता. त्याने चहाही घेतला नाही.

मग आकड्यांचा खेळ सुरू झाला, आणि तो समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, ३,२०,००० रुपये होती. सर्व्हिस सेंटरचा अंदाज आला २,८५,००० चा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे इथे २,४०,००० वर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते आणि आयडीव्हीच्या हिशेबाने रक्कम मिळते. पण त्या अंदाजातून इंजिनाचे १,१०,००० वगळले, तर उरतात १,७५,०००. मग टोटल लॉस नाही, नुसती दुरुस्ती. आणि दुरुस्ती म्हटली की घसारा आला. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर ५० टक्के, पाचव्या वर्षातल्या धातूच्या भागांवर ३५ टक्के. फक्त काचेला घसारा नाही. अशा रीतीने ‘परिणामस्वरूप’ हा एक शब्द लावल्याने केवळ इंजिनाचे पैसे वाचत नव्हते, सगळ्या दाव्याची जातच बदलत होती. कंपनीच्या शाखेतील एका अधिकाऱ्याने मामेभावाला फोनवर सुचवलेही, “नव्वद हजारांत मिटवून टाका, पूर्ण व अंतिम म्हणून व्हाउचरवर सही करा, आठवड्यात पैसे.” तो सही करायला निघालाच होता. दबावाखाली केलेल्या अशा सहीने माणसाचा हक्क सर्वस्वी बुडत नाही, असे न्यायालयाने १९९९ सालीच म्हटले आहे. पण दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच येते, आणि पैशाची निकड हा दबाव म्हणून सहसा धरला जात नाही. मी त्याला एवढेच सांगितले की जे काही असेल ते कंपनीने लेखी द्यावे.

लेखी आले ते नकाराचे पत्र. अर्ध्या पानाचा मजकूर, आणि त्यात दोन कारणे: विमाधारक मयत असून पॉलिसी वारसांच्या नावे हस्तांतरित झालेली नाही, सबब विमायोग्य हितसंबंध शिल्लक नाही, आणि इंजिनाचे नुकसान परिणामस्वरूप असल्यामुळे ते शर्तींबाहेर आहे.

नकाराचे पत्र हाती आले की लोक खचतात. वास्तविक तंट्यातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज तोच. तोंडी नकाराला हातपाय नसतात, तो आज एक कारण सांगतो आणि उद्या दुसरे. लेखी नकाराने मात्र कंपनी स्वतःला बांधून घेते. पत्रात न दिलेले कारण पुढे सुनावणीच्या वेळी नव्याने पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ साली ठरवले आहे. म्हणून मी ते पत्र तीनदा वाचले, कारणांच्या कडेला पेन्सिलीने आकडे घातले, आणि मग पॉलिसीचे मूळ पुस्तक उघडले, जे मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले होते म्हणून वाचले होते.

त्या पुस्तकात, सर्वसाधारण शर्तींच्या अखेरीस, जिथे वाचणाऱ्याची नजर सहसा पोहोचत नाही अशा ठिकाणी, एक कलम आहे. एकमेव विमाधारक मरण पावला तर पॉलिसी तत्काळ रद्द होत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर ती चालू राहते, आणि त्या अवधीत गाडीचा ताबा ज्यांच्याकडे गेला त्या वारसांनी नाव बदलण्यासाठी अर्ज करावा. खासगी गाडीच्या जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत हे कलम याच शब्दांत असते, कारण २००२ च्या मोटार टॅरिफने ठरवून दिलेला मसुदाच बहुतेक कंपन्या आजही वापरतात. मामा २ मेला गेले. पूर २२ जुलैला आला. मधले दिवस मी बोटांवर मोजले. एक्याऐंशी. पॉलिसी सप्टेंबरपर्यंत होती. करार जिवंत होता.

ते पुस्तक चाळताना मामींनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले. “हे पंधरा लाख कशाचे रे? ह्यांच्या नावापुढे लिहिलंय.” ते मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण होते, आणि ते रोगाने आलेल्या मृत्यूला लागू नाही, हे त्यांना सांगताना माझा आवाज जरा उतरलाच. पण या ओळीचा अर्थ प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. हे पंधरा लाख ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, त्याचेच. गाडी बायकोच्या नावावर, तिला परवाना नाही, आणि रोज चालवतो नवरा. अशा घरात हा हप्ता भरूनही त्याचा लाभ कोणालाच नाही. वडिलांची मोटारसायकल घेऊन गेलेला मुलगा त्याच अपघातात दगावला, तर तो विम्याच्या दृष्टीने ‘त्रयस्थ’ ठरत नाही, हे २००८ च्या सदानंद मुखी प्रकरणात लागले. आणि दुसऱ्याची गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे पुढच्याच वर्षी निंगम्माच्या प्रकरणात. चालकासाठी आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी वेगळे संरक्षण थोड्याशा जादा हप्त्यात मिळते. ते घ्यायचे सोडून लोक चाकांच्या झळाळत्या कव्हरांवर पैसे घालतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

पुन्हा पत्राकडे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मामींच्या सहीने अर्ज गेला, तीन परिच्छेदांचा: एकात मृत्यूनंतरचे कलम आणि तारखा, दुसऱ्यात सर्व्हेअरची सरळ रॉडांची नोंद, तिसऱ्यात मागणीचा आकडा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घेण्याचा हक्क विमाधारकाला असतो. आम्ही ती आधीच मागून घेतली होती. अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असे न्यायालयाने कंपन्यांच्या आणि ग्राहकांच्या दोघांच्याही बाबतीत म्हटले आहे. पण इथे अहवाल आमच्या बाजूचा होता आणि कंपनीच त्याच्यापासून दूर सरकत होती, ही आमच्या प्रकरणातील गंमत. बाविसाव्या दिवशी ‘फेरविचारास वाव नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले.

पुढे दोन वाटा होत्या. रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात फिर्याद करता आली असती. २०१९ च्या कायद्याने ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि हप्ता पाच लाखांच्या आतला असला तर शुल्कही नाही. दुसरी वाट विमा लोकपालांची. १९९८ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेची महाराष्ट्रात तेव्हा मुंबई व पुणे अशी दोन कार्यालये होती. तिथे वकील चालत नाही, पैसे पडत नाहीत, वारसालाही तक्रार करता येते, नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. त्या वेळी मर्यादा तीस लाखांची होती, आता पन्नासची आहे. ज्याचा वाद कागदांवर मिटण्यासारखा आहे त्याने लोकपालांकडे जावे. ज्याला साक्षीदार तपासायचे आहेत त्याने आयोगाकडे. आम्ही पुण्याला अर्ज पाठवला.

सुनावणी दूरदृश्य पद्धतीने झाली. मामी देवघरासमोरच्या खुर्चीवर, मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, मी त्यांच्या मागे कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. कंपनीच्या प्रतिनिधीने मृत्यूनंतरचे कलम मान्य केले; करावेच लागले. मग त्याने नवीन मुद्दा काढला: केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ५६ नुसार मालकाच्या मृत्यूपासून तीस दिवसांत आरटीओला कळवणे आवश्यक होते, ते वारसांनी केलेले नाही. मुद्दा खरा होता. आम्ही कळवले नव्हते, आणि ती चूक आमचीच, मी ती कोणावर ढकलणार नाही. मी अगोदरच एका चिठ्ठीवर ‘पत्रात हे कारण नाही’ असे ठळक लिहून मामींच्या हाती दिले होते, कारण ही खोच निघणार हे मला दिसत होते. पण लोकपालांनी त्यांनाच विचारले, आपण का कळवले नाही?

मामींनी चिठ्ठीकडे पाहिलेसुद्धा नाही. “साहेब,” त्या म्हणाल्या, “तेव्हा दहाव्याला माणसं मिळाली नाहीत. आरटीओत कोण जाणार होतं?”

क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर चिठ्ठीतला मुद्दा मी परवानगी घेऊन वाचून दाखवला, आणि तो नोंदवला गेला.

निवाडा सव्वा महिन्याने आला: टोटल लॉस धरून आयडीव्हीतून सक्तीचे एक हजार वजा करून ३,१९,००० द्यावेत, गाडीचे अवशेष कंपनीने घ्यावेत. मात्र अवशेष घ्यायचे तर आरसी हयात माणसाच्या नावावर हवी. म्हणजे जे मे महिन्यात करायचे राहून गेले होते ते आता करणे भाग पडले. नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला, मुलाचे आणि मुलीचे नोटरी केलेले संमतीपत्र, रत्नागिरीच्या आवारात सहा महिने उभ्या असलेल्या, दारांच्या सांध्यांत गवत उगवू लागलेल्या गाडीची कागदोपत्री मालकी मामींकडे.

स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी आले. मामींनी ते चष्म्याजवळ नेऊन वाचले. बँकेचे खाते सोडले तर, लग्नानंतरच्या त्रेचाळीस वर्षांत घरातली कोणतीही वस्तू त्यांच्या एकटीच्या नावावर आलेली नव्हती. “म्हणजे आता ती माझी झाली होय?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ल्या आणि ते कार्ड घेऊन जाणार होता. त्याला सही करून देण्याआधी त्यांनी किल्लीतली मामांची गणपतीची कडी तेवढी सोडवून घेतली.